मागच्या ऍक्सलचे बुश बदलताना

बेळगावहून जांबोटी ओलांडून कणकुंबीकडे निघालं की रस्ता सारखा वळतो. गेल्या पावसाळ्यात आईला तिथल्या माउली देवीच्या दर्शनाला घेऊन जाताना त्या वळणांवर गाडीचं दुखणं कळलं. स्टीअरिंग फिरवलं की पुढची बाजू लगेच वळायची, मागची मात्र क्षणभर उशिरा यायची आणि एकदम बाहेर झुकायची. मागे बसलेली आई म्हणाली, "मागनं कोण ढकलायलंय काय रे?" खड्ड्यात चाक गेलं की डावीकडे 'ठक्' असा आवाजही होता.

गाडी २०१३ ची हॅचबॅक, १ लाख २० हजार किलोमीटर झालेली. बेळगावात एका गॅरेजमध्ये शॉकअप गेलेत म्हणाले. दोन्ही बदलले, आवाज तसाच. मग टायरमधली हवा, चाकांचं बॅलन्सिंग. महिना गेला. पैसे गेले त्याहून वाईट याचं वाटलं, की तोवर कुणी गाडीखाली जाऊन बघितलंच नव्हतं.

शेवटी उद्यमबागेजवळ शेड असलेल्या एका वयस्कर मिस्त्रीमामांकडे गेलो. त्यांनी गाडी उचलून स्टँडवर घेतली आणि ऍक्सलच्या सांध्यात टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, घालून रेटली. ऍक्सल चक्क बोटभर सरकला. "जुने शॉकअप चांगलेच असणार बगा. बुश फाटलंय."

अशा लहान गाड्यांना मागे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा ऍक्सल असतो. त्याचे दोन हात पुढे येतात आणि प्रत्येकाच्या टोकाला एक बुश असतो. बाहेर लोखंडी कडं, आत नळी, मध्ये दोन्हींना घट्ट चिकटवलेलं रबर. या दोन बुशांनीच ऍक्सल बॉडीला धरलेला असतो. रबर फाटलं की वळणावर ऍक्सल तिरका होतो आणि मागची चाकं आपणहून थोडी वळतात. अशा ऍक्सलला मागचं अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा, जुळवायची सोय सहसा नसते, त्यामुळे बुश बदलण्यावाचून इलाज नव्हता.

रविवारी कामाला लागलो. बोल्ट गंजलेले, म्हणून आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला होता. हँडब्रेकची केबल, ब्रेकचे पाइप आणि एबीएसची (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर क्लिपांतून सोडवल्या, नाहीतर ऍक्सल खाली येताना त्यांना ताण बसतो. शॉकअपचे खालचे बोल्ट काढले, स्प्रिंगा काढल्या, ऍक्सल जॅकवर हळूहळू खाली घेतला.

मी लगेच जुना बुश ठोकायला गेलो, तर मामांनी हात धरला. "आदी खूण कर." बुशाच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात, एका दिशेनं मऊ आणि दुसऱ्या दिशेनं कडक राहावा म्हणून. तो फिरून बसला तर नवा असूनही गाडी नीट चालत नाही. पंचनं ऍक्सलच्या हातावर खूण केली.

डाव्या बाजूचं कडं गंजून ऍक्सलच्या हाताला चिकटलं होतं. रबर कापून काढलं, मग हॅक्सॉ ब्लेड आत घालून कडं आतून चिरलं, ऍक्सलच्या हाताला ओरखडा जाऊ न देता. त्या एकाच बाजूला अडीच तास गेले. उजवा बुश वीस मिनिटांत निघाला. नवे बुश साबणाचं पाणी लावून, लांब बोल्ट आणि लेथवर केलेल्या कड्यांनी ओढून बसवले. ग्रीस लावायचं नाही, त्यानं रबर फुगतं.

ऍक्सल वर चढवला आणि मी बोल्ट आवळायला पान्हा घेतला, तेव्हा मामा दुसऱ्यांदा ओरडले, "आता नको! गाडी चाकावर उभी राहू दे." सगळ्या कामातली ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. बोल्ट आवळला की आतली नळी पक्की होते आणि पुढचं सगळं हलणं रबर पिळूनच होतं. चाकं लोंबकळत असताना आवळलं, तर गाडी खाली आल्याक्षणी रबराला पीळ बसतो. तो कायमचा राहतो, आणि नवा बुशही लवकर फाटतो. आम्ही चाकं लावून गाडी खाली घेतली, मागे दोघं बसून ती चार वेळा दाबली आणि मग मामांनी गाडीखाली सरकून टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्ह्यानं, बोल्ट आवळले.

पुढच्या रविवारी पुन्हा कणकुंबी. वळणावर मागची बाजू पुढच्या पाठोपाठ येत होती, 'ठक्' बंद. टायरांच्या आतल्या कडा मात्र आधीच वेड्यावाकड्या झिजल्यात. चाळीसच्या वर गाडी गेली की त्यांची घरघर ऐकू येते, आणि टायर बदलेपर्यंत ती राहणार.