शहापुरातील जुने घर घेताना: माझा अनुभव

बेळगावचे नाव २०१६ साली स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या यादीत आले आणि पुढे रस्ते-गटारींची कामे होत गेली, तशी शहापूर-वडगावकडील जुन्या घरांची विचारणा वाढली. आमच्या ऐपतीत टिळकवाडीत फ्लॅटच बसत होता. इथे मात्र परसासह स्वतंत्र घर मिळत होते. चिऱ्यांच्या भिंती, मंगळुरी कौले, आणि माजघरात पूर्वी हातमागाचा खड्डा होता तेथे भर घालून बसवलेली शहाबादी फरशी. ओळखीच्या गवंड्याने त्या फरशीवर पहार आपटून आवाज ऐकला आणि म्हणाला, "भराव कच्चा हाय बघा, पावसाळ्यात वल धरणार." वाशांना एका कोपऱ्यात वाळवीही होती. ही कामे पैसे घालून होतात, म्हणून त्यांचा खर्च किमतीतून वजा करून घेतला आणि सगळे लक्ष कागदांकडे वळवले.

शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होते, नंतर मुंबई राज्यात आले आणि १९५६ पासून आजच्या कर्नाटकात आहे; घराच्या दप्तरात हा सगळा प्रवास दिसतो. मूळ खरेदीखत मोडीत, वाटणीपत्र मराठीत आणि महापालिकेचे कागद कन्नडमध्ये होते. मोडीच्या जाणकाराकडून खरेदीखताचे लिप्यंतर करून घेतले, तेव्हा चतुःसीमेत मागच्या आडाकडे जाणारा बोळ 'सामाईक' लिहिलेला निघाला. मालकांनी मात्र तो आपल्या क्षेत्रफळात धरला होता. शेजाऱ्यांना बोलावून फीत लावली, बोळ वगळून क्षेत्र लिहिले आणि किंमत त्याप्रमाणे ठरली. हा प्रश्न नोंदणीनंतर उपस्थित झाला असता, तर शेजारधर्म आणि पैसा दोन्ही गेले असते.

सर्वांत जास्त वेळ वारसांच्या सह्यांना लागला, आणि तो लागायलाच हवा होता. सीटीएस (नगर भूमापन) उताऱ्यावर विक्री करणाऱ्या काकांचे एकट्याचेच नाव होते. त्यांचे वडील मृत्युपत्र न करता वारले होते आणि काकांच्या दोन बहिणी गडहिंग्लज व इचलकरंजीत दिल्या होत्या. "त्यांचं काही म्हणणं नाही," असे काका मनापासून सांगत होते. परंतु १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगी वारस ठरते आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलाइतकाच हक्क दिला आहे. बहिणीच्या सहीकडे केवळ उपचार म्हणून पाहण्याची आपल्याकडील सवय मला पटत नाही. त्यांचा हिस्सा त्यांना मिळावा, ही अट मी इसार देण्यापूर्वीच घातली. थोरल्या ताई स्वतः बेळगावला आल्या. धाकट्या ताईंची तब्येत बरी नसल्याने त्यांनी तिकडच्या दुय्यम निबंधकांसमोर मुखत्यारपत्र करून दिले. दोघींचे धनादेश त्यांच्या-त्यांच्या नावाने काढले आणि त्यांचे क्रमांक खरेदीखतात नमूद केले.

घरावर कर्जाचा किंवा गहाणाचा बोजा आहे का, हे तपासण्यासाठी ईसी, म्हणजे नोंदणी कार्यालयाचा बोजा-दाखला, काढला. कर्नाटक नोंदणी विभागाच्या 'कावेरी' संकेतस्थळावर २००४ पासूनच्या नोंदी दिसतात. त्यामागची वर्षे कार्यालयातील जुन्या नोंदवह्यांतून पाहावी लागतात, आणि जुन्या घराच्या बाबतीत तीच महत्त्वाची असतात. तिथे एका सोसायटीचे गहाण सापडले. कर्ज कधीच फिटले होते, परंतु बोजा उतरवलेला नव्हता; सोसायटीचा दाखला आणून तो आधी कमी करून घेतला.

शहरी मिळकतीच्या नोंदणीस ऑक्टोबर २०२४ पासून ई-खाता, म्हणजे महापालिकेच्या मिळकत नोंदीचा ऑनलाइन उतारा, लागतो. उताऱ्यावरील आणि घरफाळ्याच्या पावतीवरील नावात फरक असल्याने काकांना प्रतिज्ञापत्र द्यावे लागले. खर्चाचा अंदाज बांधताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ४५ लाखांवरील व्यवहाराला मुद्रांक शुल्क ५ टक्के असले, तरी उपकर व अधिभार धरून ते महापालिका हद्दीत ५.६ टक्के होते, आणि नोंदणी शुल्क ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ वरून २ टक्के झाले आहे. आमची नोंदणी त्यानंतरची असल्याने हा वाढीव भार आम्हाला सोसावा लागला.

खरेदीखताचा कन्नड मसुदा वकिलांनी आम्हाला आणि दोन्ही ताईंना ओळ न् ओळ मराठीत समजावून सांगितला, मगच सह्या झाल्या. आता खाता आमच्या नावावर झाला असून माजघरातील फरशी उखडून भराव नव्याने धुम्मस करण्याचे काम सुरू आहे; वळवाच्या आधी कौले चाळून घ्यायची आहेत.