वळचणीतून आढ्यापर्यंत हवेला वाट

छप्पर कुठेही गळत नव्हतं, तरी फळ्या खालून ओल्या होत्या. पोटमाळ्यावर बॅटरी मारली, तर आत आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर थेंब आणि भोवती बुरशीचे काळे डाग. घरातली उबदार, दमट हवा वर जाऊन थंड फळ्यांना लागायची आणि तिथेच तिचं पाणी व्हायचं. आढ्याला हवा बाहेर पडायची फट होती, पण वळचणीला आत यायची सोयच नव्हती. अशा वेळी वरची फट खोल्यांतलीच हवा ओढते, दिव्यांच्या आणि वायरींच्या भोकांतून. म्हणून आधी ती भोकं बुजवली. न्हाणीघरातल्या पंख्याचा पाइप माळ्यावरच सोडलेला होता, तो भिंतीतून बाहेर काढला. वळचणीखाली मुद्दाम नाही सोडला, नाहीतर तीच वाफ तिथे हवेसाठी बसवायच्या नव्या जाळ्यांतून परत आत आली असती.

जाळ्या किती लावायच्या याचा एक प्रचलित हिशोब आहे: माळ्याच्या ३०० चौरस फुटांमागे १ चौरस फूट मोकळी वाट, त्यातली निम्मी खाली, निम्मी वर. माळा ९०० चौरस फुटांचा, म्हणजे वळचणीला दीड चौरस फूट. पण जाळीचं माप आणि तिच्यातून हवेला मिळणारी वाट या दोन वेगळ्या गोष्टी. निम्मी जागा तारा आणि पट्ट्याच खातात. त्यामुळे वळचणीच्या दोन्ही बाजू मिळून तीन चौरस फुटांच्या जाळ्या घेतल्या.

खरं कष्टाचं काम आत होतं, आणि नेमकं तेच बरेच जण टाळतात. उष्णतारोधक ग्लासवूल वाशांच्या टोकापर्यंत ठासून भरलेलं होतं. बाहेरून कितीही भोकं पाडली तरी हवा तिथेच अडली असती. मास्क, हातमोजे घालून, फक्त तुळयांवर पाय देत सरपटत गेलो आणि ते मागे ओढलं. मग दोन-दोन वाशांच्या मधे प्लास्टिकचे कडक पन्हळ ठोकले, वरच्या फळ्यांपासून ५० मिलिमीटर पोकळी राहील असे. ग्लासवूल परत सारलं तरी ही पोकळी बुजत नाही.

वळचणीखालच्या फळीवर कुठे कापायचं, हे बाहेरून कळत नाही. सुताराने सुचवलं की आतून प्रत्येक गाळ्यात एक लांब खिळा आरपार ठोकायचा. खाली टोक दिसलं की वाशांच्या मधली जागा सापडली. वायर नाही ना हे पाहून त्याने भोकं कापली, कापलेल्या कडांना रंग लावला आणि जाळ्या बसवल्या.

वळचणीचं पाणी आढ्याला चढत नाही म्हणतात. हवा मात्र चढते, फक्त तिला मधेच पळवाट मिळता कामा नये. त्रिकोणी भिंतीतली जुनी झडप आढ्याच्या जवळ होती. आढं तिथूनच हवा ओढेल आणि वळचण रिकामी राहील, म्हणून ती झडप बंद केली. नंतर जाळीपाशी धूर धरला तर तो सरळ आत ओढला गेला. थंडीत पुन्हा वर गेलो, तेव्हा खिळे कोरडे होते.

आता देखभाल एवढीच: जाळ्यांवरची धूळ आणि कोळिष्टकं मऊ ब्रशने काढायची, आणि घराला रंग देताना जाळ्या आधी झाकून घ्यायच्या. बारीक छिद्रं रंगाच्या एका हातात बुजतात.