एक वार, दोन वार...

काल दुपारी कुरिअरवाला पुडकं देऊन गेला, आणि उघडायच्या आधीच मला कळलं की आपण फसलो, कारण आतनं टिकटिकीच्या ऐवजी खुळखुळ ऐकू येत होती.

एचएमटी जनता. चावीचं घड्याळ, पांढऱ्या डायलवर देवनागरीत 'जनता'. ज्यांच्या घरी होतं त्यांना वेगळं सांगायला नकोच. १९६१ला सिटिझन या जपानी कंपनीला हाताशी धरून बंगलोरला ही घड्याळं सुरू झाली आणि २०१६ला सरकारनं तो धंदाच बंद करायचं ठरवलं, त्यामुळे तसलं जुनं जनता हवं तर सेकंडहँडच. म्हणून मी तीन महिने ऑनलाइन लिलावात रात्री जागवतोय.

खरं तर जुन्या बाजाराची सवय असलेल्या माणसानं यात पडूच नये. पुण्यात बुधवारी नाहीतर रविवारी जायचं, वस्तू हातात घ्यायची, कानाला लावायची, तो आठशे म्हणतो, आपण दोनशे म्हणायचं आणि चालायला लागायचं, मागनं हाक येतेच. तिथं भाव उतरतो. इथं चढतो, आणि चढवणारे आपणच, आणि समोर कोण, तर 'क*७', साइट नाव एवढंच दाखवते. मागच्या वेळी अठराशेवर मी एकटाच होतो, मनात पट्टा कुठला लावायचा तेही ठरलं होतं, आणि शेवटच्या चार सेकंदांत या 'क*७'नं साडेअठराशे टाकून घड्याळ उचललं. मी दोन आकडे टाइप करेपर्यंत खेळ खलास.

आमच्या गावी विसर्जनाच्या दिवशी गणपतीपुढच्या नारळाचा लिलाव व्हायचा. मंडळाचा खजिनदार 'एक वार' म्हणून पाणी प्यायचा, 'दोन वार' म्हणून पलीकडं कुणाच्या तरी म्हशीची चौकशी करायचा, 'तीन वार'ला तर पाच मिनिटं लावायचा, कारण त्याला माहीत असायचं की काकांना आणि सरपंचांना एकमेकांकडं बघायला वेळ द्यायला पाहिजे. दहाचा नारळ काका पाचशेला घेऊन यायचे. मग काकू दोन दिवस अबोल. पण नारळ खवट निघाला तरी फसलो असं कुणी म्हणायचं नाही.

यावेळी मी शहाणपणा केला. कमाल बोली २२०० टाकली, म्हणजे लागेल तशी साइटच वाढवत नेते, आणि झोपलो. सकाळी बघतो तर घड्याळ माझं, २१५०ला. दात घासता घासता शंका आली, की रात्री पन्नास पन्नासनं मला इथवर ओढत आणणारा तो दुसरा माणूस विकणाऱ्याचा मेहुणा तर नसेल?

'मिंट कंडिशन', म्हणजे नवंकोरं, असं लिहिलं होतं हो. फुलाफुलांच्या चादरीवर ठेवून फोटो, ट्यूबलाइटची चकाकी बरोबर काचेवरच्या चरेवर. आमच्या घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण काढलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मशिन एकाचं, केस दुसऱ्याची, डायल रंगवलेली. हा 'त' बघा, केवढा जाड. आणि एक स्क्रू आत मोकळा फिरतोय. तुम्ही एका पैशात तीन घड्याळं घेतलीत साहेब." संग्राहक मंडळींत अशा जोडकामाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात म्हणे.

परत पाठवायची सोय नव्हती, तेही बारीक अक्षरात होतं.

पाचवीत असताना मी बाबांचं जनता उघडलं होतं, आत काय पळतंय बघायला. ते परत जुळलं नाही. बाबा ओरडले नाहीत, मारलं नाही, फक्त कितीतरी दिवस त्यांच्या मनगटावर उन्हानं न रापलेला पांढरा पट्टा दिसायचा आणि मी जेवताना ताटात बघायचो.

घड्याळजींनी स्क्रू बसवून दिला, तीनशे घेतले. दिवसाला बारा मिनिटं मागं पडतं. संध्याकाळी बाबांच्या हातात दिलं. त्यांनी चावी दिली, कानाला लावलं, डायल बोटानं पुसली. त्या जाड 'त'बद्दल काही बोलले नाहीत.

"कितीला पडलं?"

"चारशे."

"जास्त दिलेस," म्हणाले, आणि बांधायला हात पुढं केला.