जगबुडीला सवड आहे

‘स्कायरिम’ या व्हिडिओ गेममध्ये अल्डुइन नावाचा काळा ड्रॅगन जग गिळायला परतलेला असतो. ‘विचर ३’ या गेममध्ये सिरी नावाच्या मुलीच्या मागावर परलोकातलं घोडदळ असतं. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये सम्राटाचा खून होतो आणि मरण्याआधी त्याने सोपवलेला राजमणी आपल्या झोळीत असतो. तो तातडीने एका मठात पोचवायचा असतो. आणि खेळणारा? तो नदीकाठी फुलपाखरं धरतोय, खाणावळीत पत्ते कुटत बसलाय. राजमणी झोळीच्या तळाशी, चीजच्या दोन चकत्या आणि एका गंजक्या खंजिराखाली.

यात त्याचं काहीच चुकत नाही. ओपन-वर्ल्ड, म्हणजे मुलूखभर हवं तिथे हिंडू देणाऱ्या गेममधली जगबुडी फार सभ्य असते. मुख्य क्वेस्टचं (कथेतल्या कामगिरीचं) पुढचं पाऊल आपण टाकेपर्यंत ती दाराबाहेर जोडे काढून उभी राहते. घाई असते ती पात्रांच्या तोंडी, गेमच्या घड्याळाला तिची गंधवार्ता नसते. तेव्हा निवांत खेळायचं तर पहिलं काम म्हणजे पाऊल नेमकं कुठे रोखायचं ते शोधणं.

‘स्कायरिम’मध्ये ही जागा चोख सापडते. ब्लीक फॉल्स बॅरोच्या थडग्यातून आणलेली शिळा व्हाइटरनच्या राजवाड्यात दिली की लगेच बातमी येते: पश्चिमेच्या टेहळणी बुरुजावर ड्रॅगन आलाय. तिथला सरदार, यार्ल बालग्रूफ, मदत मागतो, चिलखताचा एखादा नग भेट देतो आणि शहरात घर घ्यायची परवानगीही देतो. इथेच थांबायचं. बुरुजाकडे फिरकायचंच नाही. तो ड्रॅगन पडेपर्यंत बाकीच्या मुलखात आभाळ रिकामं राहतं. गावाच्या चौकात अचानक उतरून लोहाराला भाजून काढणारे ड्रॅगन सुरू होतात ते त्यानंतर. मोबदल्यात काय जातं? ड्रॅगनचे आत्मे मिळत नाहीत, म्हणून आरोळ्यांची, म्हणजे जादूच्या गर्जनांची, विद्या खुलत नाही. फुलं तोडणाऱ्याला आरोळ्या हव्यात कशाला! ‘ऑब्लिव्हियन’चंही तसंच आहे. क्वाच शहरापुढचं नरकाचं दार बंद केल्यावरच इतरत्र तशी दारं उगवायला लागतात. क्वाच टाळलं की रानावनात निर्धास्त हिंडता येतं.

मात्र सगळेच गेम इतके समजूतदार नसतात. १९९६च्या ‘डॅगरफॉल’मध्ये बहुतेक कामांना दिवसांची मुदत असते, आणि सुरुवातीला आलेल्या पत्राकडे फार दिवस काणाडोळा केला तर मुख्य कथेचा धागाच तुटतो. ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’मध्ये लांडग्यांनी ओढून नेलेल्या मुलाला शोधायचं काम हाती घेऊन खाणावळीत चारपाच रात्री ताणून दिली, तर मुलगा जिवंत सापडत नाही. ‘विचर ३’ची खोड वेगळी. तिथे दिवस कुणी मोजत नाही, पण ‘आइल ऑफ मिस्ट्स’ ही मुख्य क्वेस्ट सुरू केली की जवळच्या पात्रांची राहिलेली कामं एकदम बाद होतात. त्याआधी गेम इशारा देतो. तो बटण दाबून उडवायचा नाही, वाचायचा. सरसकट नियम इतकाच धरावा: काम एखाद्याच्या जिवाशी निगडित असेल तर ते घेतल्याबरोबर संपवावं, नाहीतर घेऊच नये. संवाद अर्ध्यावर सोडून निघून जाण्यात काही लाज नाही.

आता चालण्याबद्दल. ‘स्कायरिम’चं घड्याळ आपल्या घड्याळाच्या वीसपट वेगाने धावतं, म्हणजे तिथला दिवस-रात्र मिळून ७२ मिनिटांत उरकतो. संध्याकाळ जेमतेम रंगात येते तोच चांदण्या उगवतात. पीसीवर कन्सोल (गेमला आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून टाइमस्केल, म्हणजे काळाचा हा वेग, २० वरून १० वर आणला तर दिवस १४४ मिनिटांचा होतो आणि सकाळी निघून सूर्य मावळायच्या आत शेजारच्या शहरात पोचण्याला काही अर्थ येतो. मोहाने तो थेट १ वर मात्र नेऊ नये, गावकऱ्यांच्या उठण्या-झोपण्याचं वेळापत्रक विसकटतं. पीसीवर कॅप्स लॉक दाबलं की पात्र धावायचं सोडून चालू लागतं. कंट्रोलरवर स्टिक अर्धवट ढकलली तरी तेच. हे बटण कित्येकांना शेकडो तास खेळूनही ठाऊक नसतं, कारण गेम सांगण्याच्या भानगडीत पडत नाही. ‘विचर ३’मध्ये रस्त्याला लागल्यावर दौडीचं बटण दाबून धरा आणि स्टिक सोडून द्या. रोच घोडी वळणं स्वतःच घेते आणि आपले डोळे शेतांकडे बघायला मोकळे होतात.

फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे नकाशावरून थेट उडी मारणं, पूर्णपणे सोडा, असा उपदेश कडवे लोक करतात. तो सगळीकडे लागू पडत नाही. २००२च्या ‘मॉरोविंड’मध्ये नकाशावर बोट ठेवून उडी मारण्याची सोयच नव्हती. होते ते उंच पायांचे महाकाय किडे, होड्या आणि जादूगारांच्या संघातली मांत्रिक. कुठली वाट कुठल्या गावी थांबते हे लक्षात ठेवावं लागे आणि तेवढ्याने मुलूख तोंडपाठ होई. ‘स्कायरिम’मध्ये त्या धर्तीवर मोठ्या शहरांच्या तबेल्याजवळची घोडागाडी वापरावी, उरलेलं अंतर पायी तोडावं. आणखी कडक हवं असेल तर सर्व्हायव्हल मोड आहे: फास्ट ट्रॅव्हल बंद, भूक, थकवा आणि थंडी चालू, जखमा आपोआप भरत नाहीत. निवांतपणाच्या नावाखाली हा मोड सुरू करणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं, त्यात ओझं उचलायची ताकदही घटते आणि उत्तरेच्या बर्फात पहिला तास नुसता शेकोट्या शोधण्यात जातो.

मार्करचं, म्हणजे ठिकाण दाखवणाऱ्या खुणांचं, असंच. कंपासवरचे बाण बंद केले की जग मोठं वाटतं, हे खरं. पण ‘मॉरोविंड’मधली माणसं पत्ता तोंडी सांगत: पूल ओलांडा, ओढ्याच्या कडेने जा, दुसऱ्या फाट्याला वळा. ‘स्कायरिम’मधली माणसं कामाचं बोलतात आणि गप्प बसतात, कारण संवाद लिहितानाच बाण गृहीत धरलेला असतो. तिथे सगळं बंद केलं तर हाती फक्त वैताग येतो. मधला मार्ग असा: क्वेस्ट चालू करून नकाशावर ठिकाण एकदा पाहायचं, डोंगर-नदीच्या खुणा मनात ठेवायच्या, मग जर्नलमधून ती क्वेस्ट निष्क्रिय करून निघायचं. ‘विचर ३’च्या नकाशावरची प्रश्नचिन्हं लपवण्याची सोय आहे, ती जरूर वापरा. स्केलिगे बेटांच्या समुद्रातली तर नक्कीच. त्यातली बहुतेक म्हणजे पाण्यावर तरंगणारी तस्करांची पिंपं. वर घिरट्या घालणाऱ्या सायरन नावाच्या पंखवाल्या राक्षसिणी, आत भंगार तलवारी.

झोळी हा निवांत खेळाचा खरा शत्रू. ‘स्कायरिम’मध्ये सुरुवातीला ३०० वजन उचलता येतं, पुढे पात्राची लेव्हल (पातळी) वाढताना दर वेळी स्टॅमिना (दम) निवडला तर ५ने वाढतं. त्यापुढे एक चमचा जास्त झाला की पात्र गोगलगाय होतं. उपाय जुना आहे: वस्तूच्या किमतीला वजनाने भागायचं, उत्तर दहाच्या खाली आलं तर ती तिथेच सोडायची. वनस्पती या हिशेबात नेहमी जिंकतात, त्यातल्या बऱ्याच जेमतेम ०.१ वजनाच्या असतात. निळं डोंगरी फूल आणि गहू एकत्र केले की जखम भरणारं औषध होतं. त्याच गव्हात राक्षसाच्या पायाचं बोट मिसळलं तर वैद्याच्या दुकानात भरघोस किमतीला खपणारी बाटली तयार. नवी वनस्पती मिळाली की एक खाऊन पाहावी, पहिला गुण कळतो. उरलेले मिश्रणं करत करत उलगडतात. साठवलेलं सामान मात्र वाटेतल्या पिंपात ठेवू नये. गेम अशा जागा काही दिवसांनी पूर्ववत करतो आणि ठेव गडप होते. व्हाइटरनचं ब्रीझहोम ५,००० नाण्यांना मिळतं, त्यातल्या पेट्या सुरक्षित असतात.

रमतगमत खेळण्याचं एक दुखणं कुणी आधी सांगत नाही: आपण नकळत फार बलवान होऊन बसतो. ‘विचर ३’मध्ये क्वेस्टच्या सुचवलेल्या लेव्हलपेक्षा आपली सहाने वर गेली की अनुभवाचे गुण जवळजवळ शून्यावर येतात आणि लढाया माश्या मारण्यासारख्या होतात. शत्रूंची लेव्हल आपल्याबरोबर वाढवण्याचा पर्याय सेटिंगमध्ये आहे. २००६च्या मूळ ‘ऑब्लिव्हियन’मध्ये नेमकं उलटं घडतं. तिथे शत्रू आपोआपच वाढतात, आणि ज्याने गप्पा मारून, उड्या मारून लेव्हल वाढवली त्याला पुढे साधे वाटमारेसुद्धा काचेच्या महागड्या चिलखतात भेटतात. २०२५च्या नव्या आवृत्तीत लेव्हल वाढण्याची पद्धत बदलली आहे. जुनी खेळणाऱ्यांनी ‘मेजर’, म्हणजे लेव्हल वाढवणाऱ्या मुख्य कौशल्यांत निदान एक शस्त्र आणि एक चिलखत ठेवावं. नाहीतर सेटिंगमधली अवघडपणाची पट्टी निमूट खाली ओढावी.

सावकाश खेळणं आणि सगळं संपवणं यांची गल्लत तर सर्रास होते. ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’मध्ये हिंटरलँड्स या पहिल्याच मोठ्या प्रदेशात मेंढ्या, गवत आणि पत्रं गोळा करता करता असंख्य लोक कंटाळून गेम सोडून गेले. तो प्रदेश अर्धवट टाकून पुढे जाण्यासाठीच आहे, नंतर कधीही परतता येतं. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये ९०० कोरोक बिया लपवल्या आहेत. झोळी पूर्ण वाढवायला ४४१ पुरतात. नऊशेच्या नऊशे गोळा करणाऱ्याला बक्षीस म्हणून शेणाच्या आकाराचं सोनेरी काहीतरी मिळतं. याद्या पुसत बसणाऱ्यांची इतकी उघड थट्टा क्वचितच कुठल्या गेमने केली असेल.

अशा खेळात मध्ये दोन-दोन महिने खंड पडतोच. परतल्यावर कुठली बाटली कशाची, कुठलं बटण कशाचं, काहीच आठवत नाही. त्यासाठी बंद करताना वहीत तीन ओळी लिहाव्यात: कुठे आहे, कुठे निघालो होतो, कुणावर विश्वास ठेवायचा नाही. सेव्ह (खेळ जिथे थांबवला त्याची नोंद) भर रानात करू नये, खाणावळीत करावा. ‘स्कायरिम’मध्ये भाड्याच्या खाटेवर झोपून उठलं की आठ तास, म्हणजे आपली २४ मिनिटं, कौशल्यं १० टक्के वेगाने वाढतात. हात बसेपर्यंत लांडगे आणि खेकड्यांशीच झटापट करावी. ‘विचर ३’ लोडिंगच्या वेळी मागची कथा थोडक्यात ऐकवतो, तीही घाईने वगळू नये. एवढं करूनही जुनं पात्र परकं वाटलं तर खुशाल नवं काढावं. ‘ऑब्लिव्हियन’ खेळणारे, सुरुवातीच्या तुरुंगातून बाहेर काढणाऱ्या गटाराच्या तोंडाशी केलेला एक सेव्ह कायम जपून ठेवतात, कारण बाहेर पडताना गेम वंश, जन्मनक्षत्र आणि पेशा पुन्हा निवडू देतो आणि तुरुंगातली ती लांबलचक सुरुवात दर वेळी करावी लागत नाही.