एक दाबलं तं काहीच होत नाई

मृग लागला की दारव्हा तालुक्यात प्रश्न एकच असतो: पेरू का थांबू? आमच्या शेतकरी मदत केंद्रात त्याचं उत्तर आधीच रेकॉर्ड करून ठेवलं होतं. १ दाबा आणि ऐका, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. त्या दिवशी सकाळी दहापासून ऑपरेटर ताईंच्या कानावर मात्र एकच तक्रार येत होती, "ताई, एक दाबलं तं काहीच होत नाई."

पहिला संशय बटणांच्या जुन्या मोबाइलवर गेला. तो चुकीचा होता. मोबाइलवर अंक दाबला की फोन नेटवर्कला नुसता संदेश देतो, स्वर नेटवर्क तयार करतं. १ साठी ६९७ आणि १२०९ हर्ट्झचे दोन स्वर एकदम. हँडसेटचा त्यात काही दोष नाही.

मग कॉलची नोंद ट्रंकनुसार, म्हणजे केंद्रात कॉल आणणाऱ्या लाइननुसार, वेगळी केली, आणि चित्र उघडं पडलं. पहिल्या ट्रंकवरचे कॉल ठीक, दुसऱ्यावरचा एकही अंक पोचलेला नाही. हंगामासाठी नवीन घेतलेला हा ट्रंक ५१२ केबीपीएसच्या (सेकंदाला किलोबिट) वायरलेस लिंकवरून येतो. जी.७११ कोडेकने (आवाज डिजिटल करून पाठवण्याची पद्धत) एका कॉलला साधारण ८७ केबीपीएस लागतात, म्हणजे पाचच कॉल. जी.७२९ ने सुमारे ३१ लागतात, म्हणजे सोळा. म्हणून जी.७२९ ठेवलं होतं. पण हा कोडेक माणसाच्या आवाजासाठी घडवलेला आहे. बटणांचे स्वर त्यातून गेले की विकृत होतात. त्यामुळे अंक आवाजातून नाही, आरएफसी ४७३३ या इंटरनेट मानकाप्रमाणे वेगळ्या पॅकेटमधून यायला हवेत. वायरशार्क या नेटवर्क तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये येणारा इन्व्हाइट, म्हणजे कॉल सुरू करणारा संदेश, उघडला: पहिल्या ट्रंकच्या एसडीपीत, म्हणजे त्या संदेशातल्या कोडेकच्या यादीत, १०१ क्रमांकाची टेलिफोन-इव्हेंटची (अंक वेगळ्या पॅकेटमधून पाठवण्याची) ओळ आहे, दुसऱ्याच्या नाही. तिकडचा गेटवे, म्हणजे सेवादात्याचं कॉल पाठवणारं यंत्र, अंक आवाजातच मिसळून पाठवत होता आणि आमचं अ‍ॅस्टरिस्क हे टेलिफोन एक्सचेंजचं सॉफ्टवेअर फक्त पॅकेटची वाट पाहत होतं.

बसवताना हे का दिसलं नाही? चाचणी मोबाइलवरून केली होती, कॉल लागला, आवाज स्वच्छ आला. पण पहिल्या ट्रंकचे पाचही चॅनेल (एका वेळी एक कॉल नेणारे मार्ग) भरल्याशिवाय कॉल दुसऱ्यावर वळतच नाही. रिकाम्या केंद्रात केलेली प्रत्येक चाचणी पहिल्याच ट्रंकची होती.

यातला खरा घात पुढे आहे. अंक दोनदा आला नाही की कॉल ऑपरेटरकडे जातो. तासाला ८० कॉल, त्यातले निम्मे रेकॉर्डिंगवर मिटावेत असा हिशोब होता: उरलेले ४० कॉल गुणिले प्रत्येकी ४ मिनिटं म्हणजे १६० मिनिटांचं काम, चार ताईंना झेपणारं. त्या दिवशी ६० कॉल त्यांच्याकडे आले, म्हणजे २४० मिनिटं. चौघींचा तासच तेवढा. अशा वेळी रांग नुसती लांब होत नाही, ती संपतच नाही. थांबलेले कॉल पहिल्या ट्रंकचे चॅनेल अडवून बसतात, नवे कॉल दुसऱ्यावर ढकलले जातात, तिथे अंक पोचत नाही, ते परत ताईंकडे येतात. दुपारपर्यंत माणसं वीस-वीस मिनिटं ताटकळली, आणि प्रीपेडवाल्यांचं बोलणं अर्ध्यात तुटलं. पाचवी ताई बसवली असती तरी सरासरी दोन मिनिटांहून जास्त थांबावं लागलं असतं. सहावी आली तर अर्धं मिनिट. त्या घटकेला दोघी आणणार कुठून?

उपाय दहा मिनिटांचा. दुसऱ्या ट्रंकवर जी.७२९ काढून फक्त ए-लॉ, म्हणजे जी.७११ चाच एक प्रकार, ठेवलं, कारण जी.७११ मध्ये स्वर शाबूत राहतात. डीटीएमएफ (बटणांचे स्वर) मोड 'ऑटो' केला. टेलिफोन-इव्हेंट नसेल तर तो आवाजातला स्वर ओळखतो. चॅनेल पाचवर बांधले, नाहीतर सहाव्या कॉलला सगळ्यांचाच आवाज तुटला असता. त्या लिंकवरचं बाकीचं इंटरनेटही बंद केलं. चारनंतर रांग ओसरली.

सेवादात्याकडे तक्रार गेली, काही दिवसांनी १०१ ची ओळ आली, तेव्हाच जी.७२९ परत लावलं. आता कोणताही नवा ट्रंक घेतला की पाच मोबाइलवरून पहिल्याचे चॅनेल भरून धरतो आणि सहाव्या फोनवरून ० ते ९, तारा आणि हॅश अशी बाराही बटणं दाबून पाहतो. ऑफिसात नाही, शिवारात उभं राहून.