भूगोलाच्या बाई आणि मोर्बाका

युरोपच्या कोच टूरमध्ये खरा बॉस ड्रायव्हरचा टॅकोग्राफ, गाडी किती तास चालली ते नोंदवणारं यंत्र. साडेचार तास गाडी चालली की पाऊण तास थांबायचंच, त्यामुळे ऑस्लो ते स्टॉकहोमच्या दिवशी बहुतेक टूर मॅनेजर हा थांबा हायवेवरच्या पंपावर उरकतात. यावेळी स्टॉकहोमचं संध्याकाळचं बुकिंग आदल्या रात्री रद्द झालं, म्हणून मी गाडी स्वीडनमधल्या सुन्ने गावाकडे वळवली आणि मोर्बाकाला नेली, स्वीडिश लेखिका सेल्मा लागरलॉफच्या घरी. साहित्याचं नोबेल मिळालेली पहिली बाई, 1909. ऑफिसात हे नाव काढलं की आयटिनररीवाले विचारतात, तिथे शॉपिंग आहे का.

गाइड इंग्लिशमधून सांगत होती, मी मागून मराठीत. नोबेलचं ऐकून कोणी फारसं हललं नाही. पण वडील गेल्यावर हे घर विकावं लागलं, सेल्मा लांड्सक्रोनाच्या मुलींच्या शाळेत दहा वर्षं शिकवत होती, आणि पुस्तकांच्या पैशातून तिने 1907 ला घर परत घेतलं, पुढे नोबेलच्या पैशातून जमीनही सोडवली, हे सांगितल्यावर सगळे एकदम गप्प झाले.

ग्रुपमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या एक बाई होत्या, अख्खी टूर सुनेच्या मागेमागे. सेल्माच्या निल्स होल्गर्सनवरच्या पुस्तकाची गोष्ट निघाली, अंगठ्याएवढा झालेला खोडकर पोरगा हंसाच्या पाठीवर बसून स्वीडनभर फिरतो, वरून दक्षिणेकडच्या स्कोने प्रांताची शेतं त्याला चौकड्याच्या कापडासारखी दिसतात. शिक्षक संघटनेने ते शाळेसाठी लिहून घेतलेलं, पोरांना देशाचा भूगोल कळावा म्हणून. बाई पुढे आल्या.

"म्हणजे क्रमिक पुस्तक?"

"हो बाई."

"आणि आम्ही नद्या पाठ करून घेतल्या हो पोरांकडून."

गाडीत बसल्यावर त्यांनी स्वतःहून माइक मागितला. बाहेर तळी दिसत होती, तर बर्फाने जमीन कशी खरवडली, खड्डे कसे पडले, वेनर्न तळं एवढं मोठं कसं झालं, सगळं त्यांनी असं सांगितलं की मागच्या सीटवरची अंताक्षरी थांबली. मी इतक्या टूर केल्या, त्याच तळ्यांवर मी फक्त लांबी-रुंदी सांगतो, आणि आमच्या ट्रेनिंगमध्येही तेवढंच शिकवतात.

तरी एका जोडप्याने फीडबॅक फॉर्मवर लिहिलंच, अनोळखी बाईचं घर दाखवून वेळ घालवला. ऑफिसने खुलासा मागितलाय. बाईंचा फॉर्म सुनेने भरला, त्यात जेवण छान एवढंच.

खुलाशासोबत मी रूटचा हिशोब पण जोडणार आहे, ऑस्लोहून कोंग्सव्हिंगरमार्गे सुन्ने, ड्रायव्हरचा पहिला ब्रेक मोर्बाकाला, दिवसाचं ड्रायव्हिंग नियमातल्या नऊ तासांच्या आत बसतं.