दर्यावर जाणारी भाजी

नाशिकची भाजी मुंबईला रोजच जाते. दिंडोरी रोडवरच्या बाजार समितीच्या आवारात लिलाव आटोपले की टेम्पो भरले जातात, रात्री कसारा घाट उतरतात, आणि उजाडायच्या आत माल वाशीच्या किंवा दादरच्या बाजारात पडलेला असतो. मुंबईची परसबाग म्हणून नाशिकचे कौतुक होते, पण त्या परसबागेचा हिशेब तासांचा आहे. आज संध्याकाळी माझ्या गाळ्यावरून गेलेली मेथी उद्या दुपारी कोणाच्या तरी कढईत असते, आणि ती परवा कशी दिसेल याचा विचार आम्हा व्यापाऱ्यांना सहसा करावा लागत नाही. रायगडच्या किनाऱ्यावरील एका ट्रॉलरसाठी दहा माणसांची चौदा दिवसांची भाजी बांधून देण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा हा हिशेब पुरता बदलला.

बोटीची मालकीण कोळी समाजातील एक प्रौढ बाई होती. तिचा थोरला मुलगा बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, आहे आणि खरेदीचा, खर्चाचा, खलाशांच्या उचलीचा सगळा हिशेब ती स्वतः ठेवते. पावसाळी मासेमारीबंदी 31 जुलैला संपत असली, तरी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्याशिवाय त्यांच्या घरची बोट बंदर सोडत नाही. पौर्णिमा दोन दिवसांवर आलेली असताना, श्रावणी सोमवारचे त्र्यंबकेश्वराचे दर्शन घेऊन ती दुपारी थेट माझ्या गाळ्यावर आली. सोबत भाचा होता आणि भाच्याच्या डोक्यावर एक पोते होते. त्यात जुन्या जाळ्यांचे कापलेले तुकडे आणि नायलॉनच्या रंगीत दोऱ्यांची रिळे निघाली. ती कशाला, हे मी विचारण्याआधीच तिने पदर खोचला आणि कांद्याच्या ढिगाजवळ बसकण मारली.

तिच्यासाठी मी कांदा साठवायच्या चाळीतल्या उन्हाळ कांद्याचे दोन ढीग वेगळे काढून ठेवले होते. एक मोठा, गोल, तांबूस चकाकीचा, ज्याला लिलावात पहिल्या बोलीलाच भाव फुटतो; आणि दुसरा त्याहून लहान, मध्यम आकाराचा. तिने मोठ्यातला एक कांदा उचलला, मानेवर अंगठा दाबला, नाकाशी नेला आणि बाजूला ठेवला. दुसरा उचलला, तोही ठेवला. मग म्हणाली, "भाऊ, हा कांदा शहरात शोभेल. दर्यावर याची मान पहिली जाईल."

तिचे बोलणे तंतोतंत खरे होते. कांदा सडतो तो बहुतेक वेळा मानेकडून. काढणीनंतर पात नीट वाळू दिली नाही, किंवा ओलसर असतानाच ती कापली, तर मानेचे तोंड पुरते मिटत नाही आणि त्या वाटेने बुरशी आत शिरते. मोठ्या कांद्याची मान बहुधा जाड असते व ती वाळायला वेळ घेते. मध्यम कांद्याची मान बारीक, घट्ट मिटलेली आणि वरची पत्ती दोन-तीन पदरांची असेल, तर तो ऑगस्टच्या दमट हवेतही तग धरतो. तिने दुसरा ढीग घेतला, पण तोही आंधळेपणाने नव्हे. जोडकांदा, डेंगळा म्हणजे फुलाचा दांडा आलेला कांदा, पत्ती उडालेला, पत्तीखाली काळी भुकटी दिसणारा, असा एकेक कांदा ती डाव्या हाताने मागे टाकत होती, आणि तिचा वेग माझ्या निवडणाऱ्या बायकांपेक्षा कमी नव्हता. शेवटी निवडलेल्या गोणीत तिने कोपरापर्यंत हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि मग समाधानाने मान हलवली. आत ऊब नव्हती. गोणीच्या पोटात ऊब लागली की खाली कुठेतरी सड सुरू झालेली असते, हे आम्हीही असेच ओळखतो.

बटाट्याच्या बाबतीत तिने एकच प्रश्न विचारला, तो शीतगृहातला आहे का. ऑगस्टमध्ये आमच्याकडे येणारा बटाटा बव्हंशी शीतगृहातलाच असतो. तो बाहेर काढला की त्याला घाम फुटतो, आणि त्या ओलाव्यासकट गोणीत बांधला तर आठवड्याभरात कोंब तरी येतात नाहीतर वास तरी. तिचा फोन आधी येऊन गेलेला असल्यामुळे मी शनिवारीच गोण्या उघडून बटाटा पंख्याखाली पसरून ठेवला होता. ते पाहून तिने भावाची घासाघीस थोडी कमी केली, असे मला वाटले. भाच्याचे म्हणणे मात्र ती केलीच नाही असे होते.

टोमॅटो नाशिकजवळच्या गिरणारे गावाकडचा होता आणि नुकताच हंगाम सुरू झाल्यामुळे माल कडक होता. 20 किलोच्या एका कॅरेटमध्ये टोकाला जेमतेम लाली धरलेली आणि दुसऱ्यात अर्धी पिकलेली फळे भरायची, पूर्ण लाल एकही नको, असे तिने सांगितले. एवढा कच्चा माल नेण्यापेक्षा बर्फाच्या खणात का ठेवत नाही, असे माझ्या गाळ्यावरच्या पोराने मध्येच विचारले. प्रश्न वेडगळ नव्हता. बोटीच्या पोटात टनावारी बर्फ असतो. उष्ण प्रदेशात माशाच्या वजनाएवढाच बर्फ लागतो असा ठोकताळा आहे, आणि सफर किती दिवस लांबवायची हे शेवटी बर्फच ठरवतो. परंतु बर्फातले तापमान शून्याच्या आसपास राहते, आणि टोमॅटो 10 अंशांच्या खाली फार काळ राहिला तर त्याची पिकण्याची क्रियाच बिघडते. तो लाल न होता डागाळतो आणि बाहेर काढल्यावर पाणी सोडतो. वांग्याला आणि काकडीलाही हा थंडावा बाधतो. तिने यातले काहीही न सांगता पोराला एवढेच उत्तर दिले, "तो खण मासळीचा. त्यात तुझ्या तोंडचा घास ठेवशील?"

भाजीला त्यामुळे जागा उरते ती केबिनच्या आत आणि केबिनच्या मागे, डिझेलचा वास, इंजिनाची धग आणि खारे शिंतोडे या तिन्हींच्या मधोमध. आमचा खरा वाद झाला तो इथे. कांदा झाकणाच्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये भरून द्यावा, म्हणजे त्याला समुद्राचे पाणी लागणार नाही, असा तिचा आग्रह होता. माझे म्हणणे असे की कांदा निवडून बांधला तरी त्याचा श्वास चालूच असतो. बंद ड्रममध्ये तो स्वतःच्याच वाफेने भिजतो आणि बाहेरून एक थेंबही न लागता चौथ्या-पाचव्या दिवशी चिकट होतो. खाऱ्या शिंतोड्यांचे भय मलाही मान्य होते, पण त्यावर ताडपत्रीचा पडदा पुरेल, हवा मात्र कोंडता कामा नये. बराच वेळ आम्ही दोघेही आपापल्या जागेवरून हललो नाही. मग तिने पोत्यातले जाळ्याचे तुकडे बाहेर काढले. हे तुकडे तिने भोपळे बांधण्यासाठी आणले होते. त्यांचेच झोळीसारखे पाच-सहा किलोंचे गाठोडे करून कांदा केबिनच्या आढ्याला टांगता येईल, असे भाच्याने सुचवले. बोट हलली तरी गाठोडे झोके घेते, आपटत नाही, आणि चहूबाजूंनी वारा लागतो. अर्धा कांदा जाळ्यात आणि अर्धा ड्रममध्ये, या तोडग्यावर ती तयार झाली. अर्ध्या कांद्याचे काय होणार हे मला दिसत होते, पण पैसे तिचे होते.

रंगीत दोऱ्यांचा उलगडा यानंतर झाला, आणि माझ्या मते त्या दिवसातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट तीच होती. बोटीवरच्या खलाशांपैकी निम्मे परप्रांतातले आहेत, सर्वांना मराठी वाचता येत नाही, आणि रात्री केबिनमधल्या अपुऱ्या उजेडात जो हाताला लागेल तो डाग, म्हणजे बांधलेला नग, उघडला जातो. टिकाऊ भाजी आधी संपते आणि नाशवंत भाजी समुद्रात फेकावी लागते, हा अनुभव घेतल्यावर तिने डागांच्या तोंडांना रंग दिले. हिरवी दोरी पहिल्या चार दिवसांची: मुळासकट कोथिंबीर, भेंडी, वांगी, गवार. निळी मधल्या दिवसांची: अर्धे पिकलेले टोमॅटो, हिरवी मिरची, दुधी. नारिंगी शेवटची: कोबी, लाल भोपळा, बटाटा, लसूण आणि टोकाला लाली धरलेल्या टोमॅटोचे कॅरेट. कांदा मात्र रोजचा, म्हणून त्याला दोरीच नाही. कोबीची बाहेरची पाने आम्ही एरवी सोलून टाकतो, कारण गिऱ्हाइकाला पांढरा गड्डा आवडतो. तिने ती तशीच ठेवायला लावली, कारण वरची दोन पाने सुकून आतला गड्डा राखतात. भोपळ्यांपैकी ज्यांचे देठ मुळापाशी मोडले होते ते तिने परत केले. देठ शाबूत असलेला अखंड भोपळा महिनाभरही काही मागत नाही; देठ मोडला की त्या खाचेतून तो आत कुजायला लागतो.

मासे तर बोटीवर रोजच निघतात, मग एवढी भाजी कशाला, असे मी विचारले असता ती हसली. ताजा मासा खाऊन तीन-चार दिवसांतच खलाशांना कंटाळा येतो आणि मग जेवणावरून कुरबुर सुरू होते. पोट नाराज असेल तर जाळे ओढणारा हातही सैल पडतो, असा तिचा अनुभव. हिशेब तिने तोंडीच केला. दहा जण, चौदा दिवस, म्हणजे 140 माणशी जेवणदिवस. घोटीचा जुना तांदूळ माणशी अर्धा किलो धरून 70 किलो, गोडे पाणी माणशी 5 लिटरप्रमाणे 700 लिटर. कांद्याचे मी माणशी 200 ग्रॅम धरून 28 किलो काढले होते. कालवणाचे वाटण आणि खराब निघणारा माल धरून तिने 45 किलो सांगितले. या सगळ्यावर आणखी दोन दिवसांचा कोरडा शिधा वेगळ्या डब्यात. तो शक्यतो उघडायचा नाही. वादळाचा इशारा आला की जवळ असेल त्या बंदरात शिरावे लागते आणि तिथे किती दिवस अडकून पडावे लागेल हे कोणाच्याच हातात नसते. 2017 च्या डिसेंबरात ओखी वादळाच्या वेळी केरळ आणि तमिळनाडूच्या बोटी थेट आपल्या देवगड बंदरात आश्रयाला आल्या होत्या, ही आठवण तिने काढली. घरापासून इतक्या लांब आलेल्या माणसांजवळ शिधा किती उरला असेल, असे ती म्हणाली आणि डब्यात दोन किलो मूगडाळ वाढवली.

ती एकेक रुपयासाठी का भांडते, हेही मला त्याच हिशेबात समजले. त्यांच्या बोटीवर डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च मासळीच्या विक्रीतून आधी वजा होतो आणि उरलेल्या रकमेचे मालक व खलाशी असे वाटे पडतात. महाग घेतलेला टोमॅटो अशा रीतीने शेवटी खलाशाच्या खिशातून जातो, आणि कोणता डाग किती रुपयांचा होता हे खलाशी विसरत नाहीत.

भराई रात्री नऊला सुरू झाली. पाऊस लागलेला होता आणि इगतपुरीकडे त्याहून जोराचा असल्याची खबर चालकाने आणली. माल ओला होऊ न देणे हे एरवी आमच्याकडे इष्ट असते, इथे ते अटीसारखे होते. म्हणून टेम्पोच्या तळाशी लाकडी फळ्या, त्यावर बटाटा, मग कॅरेट, भोपळे दोन्ही कडेला जाळ्यांत आवळलेले आणि कांदा सगळ्यात वर, अशी रचना केली व ताडपत्री दुहेरी बांधली. हिरव्या दोरीचे डाग मागच्या फाळक्याजवळ ठेवायला तिने लावले. बोटीवर डिझेल आधी, मग बर्फ, मग पाणी आणि भाजी शेवटी चढते, आणि तोवर सगळेच घाईला आलेले असतात. शोधाशोध करायला तिथे कोणाला वेळ नसतो. ती स्वतः चालकाच्या शेजारी बसून गेली. मी एसटीने जाण्याचे सुचवले होते, पण माल एकटा सोडायची तिला सवय नाही.

सफर संपवून बोट परतल्यावर तिचा फोन आला. कच्चे टोमॅटो अकराव्या दिवसापर्यंत चालले होते. बटाट्याची एक गोणी कोणीतरी इंजिनाच्या भिंतीला लावून ठेवली, तिला कोंब आले. मिरची आठव्या दिवशीच संपली. वांगी कोणी खाल्ली नाहीत. जाळ्यातल्या कांद्यापैकी फेकावे लागले ते मूठभर. ड्रममधल्या कांद्याचे काय झाले, असे मी मुद्दाम विचारले, तेव्हा तिने पुढच्या खेपेला भोपळ्याचा भाव काय राहील असे मला विचारले. त्यानंतर आलेल्या यादीत वांगी नव्हती, मिरची दीडपट होती, भोपळे दुप्पट होते, आणि परतीच्या टेम्पोतून जाळ्याच्या तुकड्यांचे आणखी एक पोते आले होते.